निकामी वाद्यांचा बगळा: पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या केसापर्यंत

निकामी वाद्यांपासून केलेलं शिल्प समोर आलं की मी एकच गोष्ट तपासतो: आधी काय दिसलं? आधी गिटार दिसली आणि मग ‘अरे, हा मासा आहे होय’ असं वाटलं, तर काम फसलं. आधी मासा दिसला आणि जवळ गेल्यावर त्याच्या कल्ल्यात गिटारच्या खुंट्या सापडल्या, तर जमलं. वाद्य दुसऱ्या नजरेला सापडलं पाहिजे. ते कायमचं लपूनही चालत नाही, कारण मग वाद्यच कशाला, भंगारातली कुठलीही वस्तू चालली असती.

हे साधायचं कसं, ते एकाच शिल्पाच्या आधारे सांगतो: व्हायोलिनची पेटी आणि ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्याची सरकनळी (सूर बदलायला पुढे-मागे सरकणारी नळी) यांपासून केलेला, साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीचा बगळा. तुमच्याकडे वेगळी वाद्यं असतील तर पक्षी बदलेल, क्रम बदलणार नाही. मोर मात्र करू नका. हार्मोनियमच्या पट्ट्या दिसल्या की प्रत्येकाला पिसारा सुचतो, आणि दोन झांजा दिसल्या की घुबडाचे डोळे.

मोडण्याआधी

‘निकामी’ आणि ‘बंद पडलेलं’ यांत फरक आहे. सुटलेला सांधा, पडलेली घोडी, फाटलेला भाता, तुटलेली तार ही दुरुस्तीची कामं आहेत. असं वाद्य शिकणाऱ्या मुलाच्या हातात गेलेलं चांगलं. मान मुळातून तुटलेली, पेटीच्या पाठीला साउंडपोस्टजवळ (पेटीच्या आत उभी असलेली लाकडी काडी) लांब तडा गेलेला, कीड आतपर्यंत पोचलेली किंवा पितळ गंजून चाळणी झालेली असेल, तर ते आपलं. शंका असेल तर वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवून घ्या. व्हायोलिनच्या पोटात ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ या जगप्रसिद्ध कारागिराच्या नावाची चिठ्ठी दिसली तर घाबरूही नका आणि हुरळूनही जाऊ नका. कारखान्यांनी अशा चिठ्ठ्या असंख्य स्वस्त व्हायोलिनांत चिकटवल्या आहेत, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट, चिठ्ठी नसलेलं एखादं जुनं वाद्य खरोखर मोलाचं निघू शकतं.

दुसरी तपासणी साहित्याची. जुन्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंत असू शकतं. हस्तिदंती आवरण बहुधा दोन तुकड्यांत बसवलेलं असतं. पट्टीच्या रुंद आणि अरुंद भागांच्या मध्ये बारीक सांधा दिसतो, आणि तिरप्या उजेडात दाताच्या रेषा दिसतात. जुन्या गिटारींची काही लाकडंही संरक्षित आहेत. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सगळ्यात कडक यादीत आहे. असं साहित्य वापरण्याआधी, आणि शिल्प विकायचं किंवा देशाबाहेर पाठवायचं असेल तर नक्कीच, कायदा बघा.

ताण उतरवा

व्हायोलिनच्या चार तारा मिळून पेटीवर वीसेक किलोचा ताण देतात. स्टीलच्या तारांच्या गिटारवर तो सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो. तार ताणलेली असताना पकडीने तोडली तर ती चाबकासारखी उलटते, म्हणून चष्मा घालूनच कामाला बसा. खुंट्या एकदम सोडू नका. प्रत्येकीला अर्धा वळसा देत चार-पाच फेऱ्यांत ताण उतरवा, आणि तारा पूर्ण सैल झाल्यावरच काढा. गुंडाळून ठेवा, त्या लागतात.

पियानोचं प्रकरण वेगळं. त्याच्या दोनशेहून अधिक तारांचा एकूण ताण १८ ते २० टनांच्या आसपास असतो, आणि तो सगळा एका ओतीव लोखंडी चौकटीने पेललेला असतो. चौकटीचा एकही बोल्ट तारा उतरवण्याआधी सैल करायचा नाही. पहिल्याच शिल्पासाठी पियानो घेऊ नका. फक्त पट्ट्या आणि हातोड्या मिळाल्या तर जरूर घ्या, पण लाकडी पट्टीच्या कुशीत गोल राखाडी चकत्या दिसल्या तर ते शिसं आहे हे लक्षात ठेवा. ते कानशीने घासायचं नाही आणि हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

धुणं आणि गोठवणं

फुंकवाद्याच्या आत वर्षानुवर्षांचा ओलावा, बुरशी आणि चिकटा साठलेला असतो. आधी कोमट पाणी, सौम्य साबण आणि लांब लवचीक ब्रश. गरम पाण्याने जुनं लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक लेप, सुटतं. ते कधीकधी हवंच असतं, पण निर्णय तुमचा असावा, पाण्याचा नको.

लाकडातून बारीक भुगा पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. तो भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८-२० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड लाकडावर दव जमेल आणि पॉलिश पांढरं पडेल. पुडीचं कातडं, भाता आणि फेल्ट यांत कीड असेल तर ते सरळ टाकून द्या.

खोलणं

अर्धं शिल्प इथेच होतं. हातोडा घेऊन वाद्य फोडणं हाही एक रस्ता आहे. फ्रेंच शिल्पकार आर्मान यांनी १९६२ मध्ये पियानो फोडून त्याचे तुकडे पडले तसे फलकावर बसवले होते. पण त्यात फोडणं हाच विषय होता. आपल्याला बगळा करायचा आहे, आणि फोडलेल्या लाकडाला फक्त फुटल्याचे आकार असतात.

व्हायोलिन उघडता यावं म्हणूनच सरसाने चिकटवलेलं असतं. पुढची पाटी पेटीच्या कडेवर किंचित बाहेर आलेली असते. तिच्याखाली जिथे फट आधीच दिसत असेल तिथून सुरुवात करा. पातळ, बोथट सुरी फटीत सरकवायची, कोमट करून. सुरी पुढे जात नसेल तर स्पिरिटचा एक थेंब फटीत सोडा. सरसातलं पाणी ओढलं गेलं की तो ठिसूळ होतो आणि ‘टक्’ आवाज करून सुटतो. स्पिरिट बाहेरच्या वार्निशवर सांडू देऊ नका, डाग कायमचा राहतो. सुरी दाबायची नसते, फिरवायची असते. लाकडाचा धागा उचलला जातोय असं दिसलं की थांबा आणि उलट्या बाजूने या. अलीकडच्या स्वस्त वाद्यांत सरसाऐवजी पांढरा गोंद असतो. तो स्पिरिटला दाद देत नाही, त्याला ऊब लागते. कपड्यांच्या इस्त्रीवर तापवलेली सुरी चालते.

फिंगरबोर्ड, म्हणजे तारांखालची बोटं ठेवायची काळी पट्टी, असाच सुरीने सुटतो. मान मात्र मुळातून उपटू नका. पेटीपासून तीनेक सेंटीमीटर ठेवून करवतीने कापा, हा खुंट पुढे फार उपयोगी पडतो.

ट्रॉम्बोनचे सांधे मऊ डाखाचे असतात. तो दोनशे अंशांच्या आतबाहेर वितळतो, त्यामुळे छोटा टॉर्च पुरतो. जो सांधा सोडवायचा नाही त्याला ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर एक सोडवताना शेजारचे दोन गळून पडतात. तापवण्याआधी त्या जागेचं लॅकर खरवडून काढा, कारण जळलेल्या लॅकरचा धूर छातीला वाईट. आणि पितळ लाल होईपर्यंत कधीही तापवू नका. त्यात जस्त असतं, त्याच्या वाफेने रात्री थंडीताप भरतो. जुन्या, चांदी मिसळलेल्या कठीण डाखात कॅडमियम हा विषारी धातूही असू शकतो. असे सांधे सोडवण्यापेक्षा कापून टाका. दारं-खिडक्या उघड्या हव्यात. आबनूस, रोझवूड आणि शिंपल्याच्या जडावाची धूळ त्वचेला आणि फुप्फुसांना त्रास देते, म्हणून घासकामाला मास्क.

सुटलेला प्रत्येक भाग, अगदी स्क्रूसुद्धा, एका पांढऱ्या चादरीवर मांडा. पण वाद्यात होता त्या क्रमाने नको. आकारांप्रमाणे मांडा: लांब सरळ, वाकडे, पोकळ, चपटे, टोकदार. ही चादर दोन-तीन दिवस तशीच राहू द्या आणि जाता-येता बघत राहा. बगळा मला तिथेच दिसला. सरकनळीच्या आतल्या दोन लांब, सडसडीत, समांतर नळ्या म्हणजे पाय, यात शोधायचं काहीच नव्हतं.

मांडणी

पिकासोने १९१२ मध्ये पुठ्ठा आणि दोरीतून एक गिटार केली. तिच्यात जिथे भोक असायला हवं तिथे त्याने पुढे आलेलं नळकांडं बसवलं. पोकळीची जागा भरीव वस्तूने घेतली आणि तरी डोळा तिला भोकच समजतो. मला यातून मिळालेला धडा उलटा वापरायला आवडतो: भरीव गोष्टीच्या जागी वाद्यातलं आयतं भोक. बगळ्याला डोळा लावायचा नाही, खुंटीचं रिकामं भोकच त्याचा डोळा. मणी किंवा काच लावली की शिल्पाचं खेळणं होतं.

भाग कागदी टेपने, तारेने आणि मातीच्या गोळ्यांनी तात्पुरते जोडून बघा. मग उजेड मागून घ्या आणि फक्त सावलीचा फोटो काढा. सावलीत बगळा ओळखू आला नाही तर चकाकी आणि बारकावे त्याला वाचवणार नाहीत. याच टप्प्यावर भाग कमी करा. बगळ्यासाठी चादरीवरचे चाळीस-पन्नास तुकडे होते, वापरले चौदा.

कधीकधी काही जोडायचंच नसतं. जर्मन कलाकार रिबेका हॉर्न यांच्या १९९० च्या एका कामात एक ग्रँड पियानो छताला उलटा टांगलेला आहे आणि ठरावीक वेळाने त्याच्या पट्ट्या बाहेर लोंबतात. तेवढंच. चादरीकडे बघताना हीसुद्धा शक्यता मनात असू द्या.

बैठक आणि पाय

उंच पक्ष्याचा खरा शत्रू म्हणजे तोल. वर दोन किलो वजन असेल तर खाली त्याच्या तिप्पट हवं. मी तडा गेलेला डग्गा वापरला. पुडी, वादी, सगळं काढलं. भांड्याच्या बुडात चार सेंटीमीटर अंतरावर ८ मिलिमीटरच्या सळईसाठी दोन भोकं पाडली, त्यांत प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या उभ्या धरल्या आणि भोवती तीन लिटर सिमेंट-वाळूचं मिश्रण ओतलं. सुकल्यावर साधारण सहा किलो. भांडं उलटं केलं की गोल बूड वर येतं आणि खालच्या पोकळीत नट लपतात. डग्गा नसेल तर जाड लाकडाचा ठोकळा किंवा दगडही चालतो.

आता धड. व्हायोलिनची पेटी साधारण साडेपस्तीस सेंटीमीटर लांब. तिची फुगीर पाठ वर, म्हणजे पक्ष्याची पाठ, आणि इंग्रजी एफसारखी छिद्रं असलेली बाजू जमिनीकडे. या दोन छिद्रांच्या वरच्या टोकांमधलं अंतर नेमकं चार सेंटीमीटरच्या आसपास असतं, बगळ्याच्या पायांत असावं तेवढंच. म्हणजे तीन मिलिमीटरच्या नाजूक लाकडात नवी भोकं पाडायची गरज नाही. गोल कानशीने ती टोकं थोडी लांबट केली की पुरे.

पण त्या पातळ पाटीवर वजन मुळीच येता कामा नये. पेटीच्या आत, पाठीच्या बाजूला, १८ मिलिमीटर प्लायवूडचा ठोकळा पाठीच्या वळणाप्रमाणे घासून चिकटवा. छाती वर उचललेली हवी, म्हणून ठोकळ्यातली भोकं तिरपी, साधारण ३५ अंशांनी. त्यांत पूर्ण आटे असलेल्या ८ मिलिमीटरच्या दोन सळया घाला, ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंनी नट आवळा आणि नटांवर इपॉक्सीचा थेंब टाका. त्यानंतर पुढची पाटी खालून सळयांमधून ओवून वर सरकवा, कडेला सरस लावा आणि क्लॅम्पने दिवसभर धरून ठेवा. हा क्रम मोडू नका. माझ्या पहिल्या पक्ष्यात मी पेटी आधी बंद केली आणि नट आवळायला जागाच उरली नाही. त्याला हलवलं की अजून त्याच्या पोटात एक नट खुळखुळतो.

पेटी बंद झाल्यावर सरकनळीच्या आतल्या नळ्या सळयांवर चढवा. नळीचं भोक सळईहून मोठं असतं, म्हणून सळईवर तीन ठिकाणी टेप गुंडाळून ती मधोमध आणा आणि वरच्या-खालच्या टोकाला इपॉक्सी भरा. सळया बैठकीतून घालून खालून वॉशर-नट. मग परीक्षा: शिल्प दहा अंश सगळ्या बाजूंनी कलवून सोडा. ते स्वतःहून परत उभं राहिलं पाहिजे. मान अजून लावायची आहे, म्हणून मानेच्या जागी तेवढं वजन दोरीने टांगूनच ही परीक्षा घ्या.

मान

पितळी नळी घरी वाकवायचा नाद सोडा. अर्धा मिलिमीटर जाडीची नळी आत वाळू भरूनही चेपते. शिवाय वाद्यात वळणं आयती तयार आहेत, ती वळवणाऱ्याचं कसब तुमच्या-माझ्यापेक्षा मोठं होतं. सरकनळीच्या बाहेरच्या भागाचा तळाचा बाक आणि सूर जुळवायच्या नळीचा मोठा बाक घ्या, दुसरा उलटा धरा, की मानेचं वळण मिळालं. दोन्ही बाक पूर्ण वापरले तर मात्र ते नळकाम वाटतं. एक पूर्ण ठेवा, दुसरा दोन तृतीयांशावर कापा. कापण्याआधी नळीत घट्ट बसणारा लाकडी दांडा घाला, म्हणजे करवत नळी चेपणार नाही. ड्रिलची पाती पितळात एकदम घुसून तुकडा फिरवते, त्यामुळे तुकडा शिकंज्यात धरा आणि पात्याची धार किंचित बोथट करून घ्या.

दोन बाकांची मापं वेगळी असतात. मध्ये पायरी काढलेला लाकडी दांडा इपॉक्सीने बसवा, किंवा आतून पितळी तुकडा घालून डाख द्या. डाख देताना ज्योत धातूवर, डाखावर नाही. धातू तापला की डाख आपोआप फटीत ओढला जातो. काम झाल्यावर फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावलेलं रसायन) सोड्याच्या पाण्याने धुवा, राहिला तर महिन्याभरात हिरवा थर चढतो.

व्हायोलिनच्या मानेचा खुंट आठवतो? तो कानशीने गोल करून नळीत दोन सेंटीमीटर आत बसवा, आडवी पितळी खीळ मारा. नुसत्या गोंदावर विसंबू नका. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, धातू तसा वागत नाही. वर्षभरात नुसता गोंद सुटतो.

डोकं, चोच आणि केस

खुंटीपेटीचा (व्हायोलिनच्या मानेच्या टोकाला खुंट्या बसतात ती पेटी) पुढचा भाग असा कापा की एकच आरपार भोक उरेल. शंखासारखी गुंडाळी टाकून द्या. ती सुंदर आहे, पण तिच्यावरून वाद्य लगेच ओळखू येतं, आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे. चोच फिंगरबोर्डमधून, चौदा सेंटीमीटर, टोकाला निमुळती. आबनूस कठीण पण चटकन तडकतं. बारीक दात्यांची करवत, आधी भोक, स्क्रूला साबण. चोच थोडी खाली झुकलेली ठेवा, एखादाच अंश. बगळा पाण्यात बघतोय की आकाशात, ते तिथे ठरतं.

रंग आणि चमक

पितळ घासून आरशासारखं करू नका. बोटं ठेवून ठेवून झिजलेली जागा, तोंडाजवळची उडालेली चमक, खरचटे, हेच मूळ वाद्याचे पुरावे आहेत. हिरवट छटा यावी म्हणून अमोनियाची वाफ द्यायची युक्ती अनेक जण सांगतात. ताणून, ठोकून घडवलेल्या पितळेवर ती वापरू नका. ब्रिटिश काळात भारतात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. कारण निघालं घोड्यांच्या मुतातला अमोनिया. पितळेत दबलेला ताण आणि अमोनिया एकत्र आले की तडे जातात, आणि वाद्याच्या पातळ नळीत असा ताण भरपूर असतो. नुसतं मेणाचं पॉलिश द्या, काळ त्याची छटा आणेल. स्टील आणि पितळ जिथे एकमेकांना टेकतात तिथे नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर दमट हवेत स्टील गंजतं.

लाकडाला जवसाचं तेल लावलंत तर तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका. ते स्वतःहून तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

इतर वाद्यं वापरणाऱ्यांसाठी दोन सूचना. झांजेचं कासं वाकवायला जाऊ नका. त्यात पाचवा हिस्सा कथील असतं, ती काचेसारखी फुटते. भोक पाडायचं तर हळू आणि तेल घालून. क्लॅरिनेटचं काळं लाकूड पाण्यात बुडतं इतकं जड आहे, त्यामुळे वरच्या भागात वापरताना तोलाचा हिशेब नव्याने करा. त्याच्या चावीवरची ‘निकेल सिल्व्हर’ म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, चांदी अजिबात नाही.

सगळ्यात शेवटी केस. जुन्या गजाचे घोड्याचे केस सुमारे दीडशे-दोनशे असतात. बगळ्याच्या छातीवर विणीच्या दिवसांत लांब पिसं येतात, त्यासाठी तीस-चाळीस केस पुरतात. त्यांची मुळं दोऱ्याने बांधून सरसात बुडवा आणि मानेच्या खुंटाखाली खोचा. दोन केस डोक्यामागे तुऱ्याला. सुरुवातीला सगळे लांबच सोडा, शिल्प जिथे राहणार आहे तिथे ठेवा, पंखा लावा आणि दोन दिवस बघा. मग जे केस उगाच हलतात तेवढेच कापा.

एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर बैठकीखालचे नट पुन्हा आवळा. लाकूड तोवर आपली जागा घेतं आणि पाव वळसा तरी सैल पडलेला असतो.